जुन्या गाडीतलं रेक्झिन: धुवायचं, रंगवायचं की बदलायचं?

निळी_सेडान

नमस्कार मंडळी,

१९७४ सालची चार दारांची सेडान हाती घेतली आहे. इंजिन आणि पत्र्याचं काम उरकलं, आता आतल्या भागाला हात घालायचा आहे. आत सगळं मूळचं गडद निळं रेक्झिन आहे आणि जमेल तितकं तेच ठेवायचं आहे.

पुढच्या सीटच्या पाठी उन्हाने विटून राखाडी दिसतात, मागची सीट त्यामानाने चांगली आहे. ड्रायव्हरच्या सीटची एक शिवण उसवली आहे आणि तिच्या शेजारी बोटभर फाटलं आहे. दारांचे पॅड खालच्या कडेला फुगलेत. हात टेकायच्या जागेचं रेक्झिन चिकट लागतं, पुसलं तरी काही दिवसांनी पुन्हा तेच. डॅशबोर्डच्या वरच्या पॅडला दोन भेगा आहेत आणि काचेकडची कड आक्रसून मागे सरकली आहे. स्टिअरिंगखालचं कव्हर कडक प्लास्टिकचं आहे, त्याचा रंग पार उडाला आहे. शिवाय ड्रायव्हरच्या दारावर आधी कोणीतरी स्प्रेचा डबा फिरवलाय, त्याचे पापुद्रे निघताहेत.

यातलं काय रंगवून निभेल आणि काय बदलावंच लागेल? आणि रंग टिकायचा असेल तर कामाचा क्रम काय ठेवायचा?

रंगाचा_हात

रंग विकत घ्यायच्या आधी एक करा. पाठीचा तळहाताएवढा भाग सौम्य साबणाच्या कोमट पाण्याने आणि मऊ ब्रशने नीट धुवा, पुसा, पूर्ण वाळू द्या आणि मग दिवसाच्या उजेडात बघा. रेक्झिनवर दाणा, म्हणजे चामड्यासारखी उठावाची नक्षी असते, तिच्या खाचांत वर्षानुवर्षांचा मळ, घामाचं तेल आणि पॉलिशचा थर बसलेला असतो. 'विटलं' म्हणून समोर आलेल्या कितीतरी सीट नुसत्या धुण्याने एक-दोन छटा उजळतात. उन्हाने खरोखर रंगद्रव्य गेलं असेल तर धुतल्यावरही तो भाग फिका आणि कोरडाच दिसेल. तेवढाच भाग रंगाचा धनी.

आता रंग धरतो कसा ते सांगतो, म्हणजे पुढचा क्रम का ठरलाय ते कळेल. रेक्झिनसाठी मिळणारा रंग सुती कापडाच्या रंगासारखा आत मुरत नाही. तो पातळ, लवचीक थर असतो. सॉल्व्हंटवाल्या प्रकारात ते सॉल्व्हंट (रंग पातळ ठेवणारा, नंतर उडून जाणारा द्रव) रेक्झिनचा वरचा पृष्ठभाग किंचित मऊ करतं आणि रंगातलं रेझिन तिथे पकड घेतं. पाण्यावर आधारलेले युरेथेन रंगही येतात. त्यांत क्रॉसलिंकर (थर घट्ट बांधणारं द्रव्य) मिसळला तर घर्षणाला ते छान टिकतात, पण त्यांना पृष्ठभाग आणखी स्वच्छ लागतो. कुठलाही घेतला तरी मध्ये सिलिकॉन, मेण किंवा तेल राहिलं तर रंग बसत नाही. फवारताना रंग मागे सरून गोल गोल डोळे पडतात, किंवा महिनाभराने नखाने सोलला जातो. तुमच्या दारावर बहुधा हेच झालंय.

म्हणून माझा क्रम. आधी व्हॅक्यूम, मग साबणपाणी, दोन वेळा. मग करडं स्कॉच-ब्राइट पॅड (घासायचं बारीक जाळीदार पॅड) ओलं करून अगदी हलक्या हाताने फिरवायचं, दाणा घासून सपाट करायचा नाही. पुन्हा धुवायचं. वाळल्यावर सिलिकॉन आणि मेण काढणारं क्लीनर लावायचं: एका फडक्याने लावायचं आणि ते वाळायच्या आत दुसऱ्या कोरड्या फडक्याने उचलायचं. एकाच फडक्याने पुसत बसलात तर तेल एका जागेवरून दुसऱ्या जागी नेलंत, एवढंच होतं. शेवटी पाण्याचा हलका फवारा मारून बघा. पाणी सलग पसरलं तर ठीक, थेंब थेंब होऊन उभं राहिलं तर अजून तेल आहे. मग वाळवा. शिवणींत आणि पायपिंगच्या खाली पाणी लपून बसतं, तिथे घाई नको.

लॅकर थिनरने भसाभसा पुसायची सवय पत्र्याच्या कामातून येते. रेक्झिनला ती मारक आहे. पृष्ठभाग मऊ होऊन दाण्याचं पाणी होतं आणि गेलेला दाणा परत येत नाही.

फवारताना जाड हात कधीच मारायचा नाही. पहिला हात इतका हलका की खालचा रंग अजून दिसला पाहिजे. नोझल साधारण २० ते २५ सेंटीमीटरवर, प्रत्येक पट्टा आधीच्या पट्ट्यावर अर्धा चढलेला, आणि दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलेला वेळ पाळायचा. असे तीन-चार हात लागतात. सीट असेल तर शिवणींच्या खाचा बोटांनी ताणून आधी तिथे मारा, मग सपाट भाग. नाहीतर बसल्यावर खाच उघडते आणि जुना रंग डोकावतो. हवा दमट असेल तर काम पुढे ढकला. सॉल्व्हंट उडताना पृष्ठभाग गार होतो, त्यावर दव धरतं आणि रंग पांढुरका पडतो.

सुईदोरा

शिवणकामाच्या बाजूने लिहिते.

उसवलेली शिवण आणि फाटलेलं रेक्झिन ही दोन वेगळी दुखणी आहेत. नुसता दोरा कुजला असेल आणि भोकं शाबूत असतील तर त्याच भोकांतून वाकड्या सुईने हाताने शिवता येतं. दोरा पॉलिस्टरचा घ्या, सुती नको. पण भोकांची रांगच फाटून सलग चीर झाली असेल तर तिथे भरणी टिकत नाही, कारण बसताना सगळा ताण त्या रेषेवर येतो. तो पट्टा बदलावा लागतो. मागच्या सीटचा खालचा किंवा पाठीमागचा, न दिसणारा तुकडा काढून पुढे वापरायचा आणि त्या जागी नवं लावायचं, हा जुना उपाय आहे. दाणा हुबेहूब जुळतो.

शेजारचं बोटभर फाटलेलं मात्र दुरुस्त होईल. चिरेतून आत कॅनव्हासचा तुकडा सरकवा, चिरेपेक्षा चहूबाजूंनी थोडा मोठा. लवचीक गोंदाने तो खालून चिकटवा आणि कडा एकमेकींना भिडवून वजन ठेवा. वाळल्यावर वरच्या फटीत लवचीक भरणी पातळ थरांत भरायची. पत्र्यावरची लांबी (पुट्टी) इथे वापरू नका, ती कडक होते आणि पहिल्यांदा कोणी बसलं की तडकते. दाण्यासाठी शेजारच्या चांगल्या भागावरून सिलिकॉनचा साचा घ्यायचा आणि शेवटचा थर ओला असताना तो वर दाबायचा. साचा उचलल्यावर त्या जागी सिलिकॉनचा अंश राहतो, तो क्लीनरने काढल्याशिवाय रंगाकडे वळू नका.

दाराच्या पॅडचं रेक्झिन बहुतेक ठीक असेल, फुगलाय तो मागचा हार्डबोर्ड. काचेवरून आत उतरणारं पाणी दाराच्या पत्र्याच्या आतून खाली जाऊन भोकांतून बाहेर पडायला हवं. पॅड आणि दार यांच्या मध्ये प्लास्टिकचा पडदा असतो. तो फाटला किंवा मेकॅनिकने काढून टाकला की पाणी हार्डबोर्डला लागतं. आधी दाराखालची भोकं मोकळी करा, नवा पडदा लावा, मग पॅडचं बघा. रेक्झिन कडेने सावकाश सोडवून नव्या बोर्डवर चढवता येतं. मात्र त्यावर दाबून काढलेल्या उभ्या रेघा असतील तर त्या शिवलेल्या नसतात, उष्णतेने वेल्ड केलेल्या असतात. तिथे ओढलंत तर रेघ सुटते.

मूळप्रत

दोघांचंही पटतंय, तरी एक विनंती. मागची सीट चांगली असेल तर तिला रंगाचं बोटही लावू नका.

पुढचं नवं दिसलं की मागचं फिकं वाटतं, मग मागचं रंगवलं की दारं फिकी वाटतात, आणि बघता बघता गाडीत मूळ असं काही उरत नाही. पन्नास वर्षांचं मूळ रेक्झिन थोडं विटलेलं असलं तरी त्याचा स्पर्श, त्याची मंद चकाकी कुठल्याही डब्यात मिळत नाही. माझ्या मते मागच्या सीटच्या आजच्या रंगाशी पुढच्या सीट जुळवा. कारखान्यातून निघालेला निळा शोधत बसलात तर पुढे नवी गाडी आणि मागे जुनी गाडी असं दिसेल.

रंगाचा_हात

@मूळप्रत, मागच्या सीटबद्दल सहमत. पण त्या सीटचा नेमका कुठला भाग धरायचा ते ठरवावं लागेल. पाठीच्या वरच्या कडेवर काचेतून ऊन पडतं, खाली बसायचा भाग गडद राहतो. मी या दोन्हींच्या मधला भाग धरतो. मूळ रंग कोणता होता ते पाहायचं असेल तर सीटखाली दुमडलेली कड, पॅडच्या मागे वळवलेली पट्टी, राखदाणीच्या मागची जागा, सन व्हायझर मिटल्यावर झाकला जाणारा भाग इथे बघा. ते नमुने रंग मिसळणाऱ्याकडे न्या आणि जुळणी उन्हातही बघा, दिव्याखालीही बघा. दुकानातल्या ट्यूबलाइटखाली एक दिसणारे दोन निळे बाहेर आल्यावर वेगळे पडू शकतात, कारण त्यांतली रंगद्रव्यं वेगळी असतात.

आणि चकाकी. निम्मी जुळणी तीच असते. रंग अचूक असून चकाकी जास्त असली तर डोळ्याला तो भाग लगेच टोचतो. मॅट करणारं द्रव्य थोडं थोडं घालून तुकड्यावर मारून बघा. डॅशबोर्डचा वरचा भाग तर पूर्ण मॅटच हवा, नाहीतर त्याचं प्रतिबिंब पुढच्या काचेत पडून गाडी चालवताना त्रास होतो.

रेणूसाखळी

हात टेकायचा चिकट टेकू आणि आक्रसलेला डॅशबोर्ड हे एकाच गोष्टीचे दोन चेहरे आहेत, म्हणून थोडं रसायन लिहितो.

रेक्झिनचा वरचा थर पीव्हीसी या प्लास्टिकचा असतो आणि पीव्हीसी मुळात कडक असतं. १९२६ मध्ये बी. एफ. गुडरिच कंपनीत वॉल्डो सेमन यांना ते लवचीक करण्याची वाट सापडली, आणि त्याच वाटेने पुढे सीटकव्हरं आली. कडक रेणूसाखळ्यांच्या मध्ये प्लास्टिसायझर नावाचा तेलकट द्रव शिरतो आणि साखळ्या एकमेकींवरून सरकू लागतात. मऊ रेक्झिनमध्ये हा द्रव बरेचदा वजनाच्या तिसऱ्या हिश्शाएवढा असतो. तो साखळ्यांना रासायनिक बंधाने जोडलेला नसतो, त्यामुळे उष्णतेने हळूहळू बाहेर पडत राहतो. बंद गाडी उन्हात ठेवल्यावर पुढच्या काचेला आतून जो तेलकट धुरकटपणा येतो, त्यात हाच द्रव असतो.

पृष्ठभागावर येऊन साचला तर चिकटपणा, उडून गेला तर कडकपणा आणि आक्रसणं. डॅशबोर्डच्या रेक्झिनखाली फोम आणि त्याखाली पत्रा असतो. वरची कातडी आक्रसते, खालचा पत्रा जागचा हलत नाही, मग कड मागे सरते किंवा मध्येच भेग पडते. वरून चोळायच्या कंडिशनरने गेलेला द्रव परत साखळ्यांमध्ये जाऊन बसत नाही. चकाकी येते, लवचीकपणा येत नाही. म्हणून आक्रसलेलं रेक्झिन रंगवून बरं होणार नाही. रंग फक्त रंग देतो.

चिकट टेकूवर थेट रंग मारू नका. आधी साबणाने, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि काही दिवस ऊबदार जागी ठेवून बघा. पुन्हा चिकट झाला तर रेक्झिन अजून द्रव सोडतंय, त्यावर कुठलाही थर टिकणार नाही. तो तुकडा नव्याने मढवा.

सुईदोरा

डॅशबोर्डबद्दल @रेणूसाखळी यांच्याशी सहमत. दोन भेगा, बाकी कातडी मऊ आणि कडा जागेवर, असं असतं तर भेगेच्या कडा व्ही आकारात कापून, खाली लवचीक भरणी, वर दाणा आणि रंग, हे जमलं असतं. पण कड सरकली आहे म्हणजे ताण अजून आत आहे. एक भेग भरली की शेजारी दुसरी पडेल. अशा पॅडला पूर्ण नवी कातडी चढवणं हाच टिकाऊ मार्ग. वरून चिकटवायची तयार टोपी मिळते, पण तिची कड काचेजवळ दिसते आणि खालचा फोम झाकला जातो, बरा होत नाही. नवी कातडी चढेपर्यंत पॅडवर जाड कापड टाकून गाडी सावलीत ठेवा.

नवा_गडी

मध्येच विचारतो. माझ्या गाडीत काळं रेक्झिन आहे आणि मला ते फिकट तपकिरी करायचंय. होईल का?

रंगाचा_हात

होईल, पण मी सुचवणार नाही. रंगाचा थर केसाहून पातळ असतो. सीटच्या बाहेरच्या कडेवर चढता-उतरता कपडा घासतो आणि पहिली झीज तिथेच होते. काळ्यावर काळा झिजला तर कळत नाही, काळ्यावरचा तपकिरी झिजला की काळी रेघ उमटते. शिवाय गडद रंग झाकायला जास्त हात मारावे लागतात, त्यात दाणा भरून जातो. फिकटाचं गडद करणं त्यामानाने सोपं. रंगच बदलायचा असेल तर सीटची कव्हरं नवी शिवून घ्या आणि ज्यांना हात-पाय लागत नाहीत असे भाग रंगवा.

निळी_सेडान

खूप आभार. पाठी धुतल्या. तुम्ही म्हणालात तसंच झालं: डावी पाठ जवळपास मागच्या सीटसारखी निघाली, उजवीचा वरचा निम्मा भाग मात्र खरोखर गेलाय. म्हणजे रंगवायला एकच पाठ उरली. डॅशबोर्डला नवी कातडी चढवायचं ठरवतोय.

धुताना मागच्या सीटच्या पाठीवर एक गुलाबीसर डाग दिसला, तो कशानेच निघत नाही. त्याचं काय? आणि कडक कव्हरला तोच रंग चालेल का?

रेणूसाखळी

गुलाबी डाग बहुधा वरून पडलेला नाही, खालून आलेला आहे. खालचा फोम किंवा कापड ओलं राहिलं की त्यात सूक्ष्मजीव वाढतात. काही जातींच्या वाढीतून रंगीत द्रव्य तयार होतं, ते प्लास्टिसायझरमध्ये विरघळतं आणि रेक्झिनमधून वर चढतं. म्हणून वरून घासून निघत नाही. त्यावर रंग मारलात तर तो पुन्हा वर येईल. आधी ओल कुठून येते ते शोधा, मागच्या काचेचं रबर पहिल्यांदा बघा. निळ्यावर डाग फारसा उठून दिसत नसेल तर ओल थांबवा आणि डाग राहू द्या.

रंगाचा_हात

कव्हरचं प्लास्टिक आधी ओळखा. त्या काळच्या भागांवर मागे नाव छापलेलं सहसा नसतं. आतल्या, न दिसणाऱ्या कडेवरून ब्लेडने छोटी कपची काढा आणि साबणाचा थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. वर तरंगली तर पॉलिप्रॉपिलीनच्या जातीचं, बुडाली तर एबीएस किंवा पीव्हीसी असण्याची शक्यता जास्त. एबीएसवर रेक्झिनचा रंग नीट धरतो, फक्त हात हलके ठेवा, सॉल्व्हंटने ते पटकन मऊ होतं. पॉलिप्रॉपिलीनला अॅडहिजन प्रमोटर (रंगाला पकड देणारा थर) लावल्याशिवाय रंग धरतच नाही. तो पारदर्शक हात मारून, त्याच्या डब्यावर दिलेल्या वेळेच्या आत रंग द्यायचा.

ड्रायव्हरच्या दारावरच्या पापुद्र्यांबद्दल. त्यावर रंग चढवू नका, पापुद्रा गेला की वरचा रंगही त्याच्यासोबत जाईल. रुंद चिकटपट्टी दाबून झटक्याने ओढा, सुटलेलं सगळं निघेल. जे घट्ट बसलंय त्यावर अल्कोहोलने भिजवलेलं फडकं काही मिनिटं ठेवून प्लास्टिकच्या पट्टीने उचला. ते न निघाल्यास थोडं जास्त तीव्र क्लीनर, पण आधी दुमडलेल्या मागच्या कडेवर करून बघा. मूळ निळा खाली शाबूत असायची बरीच शक्यता आहे. निघाला तर त्या दाराला रंगच नको.

मूळप्रत

हे होऊ दे. मूळ निळा निघाला तर इथे नक्की कळवा.

काळजीवाहू

रंगाच्या भरात राहून जातात त्या गोष्टी लिहितो. सॉल्व्हंटवाल्या रंगांत अॅसिटोन, टोल्यूइन, झायलीन यांसारखे पदार्थ असतात. कापडी मास्क त्यांना अडवत नाही, सेंद्रिय वाफांचं काडतूस असलेला रेस्पिरेटरच हवा, सोबत नायट्रिलचे हातमोजे. शक्यतो भाग गाडीतून काढून बाहेर मोकळ्या हवेत रंगवा. बंद गाडीत फवारू नका, आणि जवळपास ज्योत किंवा चालू हीटर नको. हार्डनर मिसळायचा दोन भागांचा क्लिअर कोट (वरचा पारदर्शक थर) बहुतेक आयसोसायनेटवाला, म्हणजे श्वासाला घातक असतो. तो बाहेरून स्वच्छ हवा पुरवणाऱ्या मास्कशिवाय घरी मारूच नका.

जुन्या पीव्हीसीत शिशाची संयुगं आणि काही रंगांत कॅडमियम वापरलं जाई, म्हणून कोरडं घासून धूळ उडवू नका, ओलंच घासा.

आणि सीटबेल्टच्या पट्ट्याला रंग, थिनर, ब्लीच काहीही लावायचं नाही. फवारताना तो पूर्ण झाका किंवा काढून ठेवा. विणीचे धागे आतून कमजोर झाले तर बाहेरून दिसत नाही. विटलेला, कडक झालेला पट्टा बदलायचा असतो, रंगवायचा नसतो.

निळी_सेडान

पट्टे रंगवायचं डोक्यात होतंच, बरं झालं लिहिलंत. बदलून घेतो. शेवटचं विचारतो, रंगवलेली पाठ गाडीत परत कधी लावू? आणि नंतर पुसायचं कशाने?

रंगाचा_हात

हाताला वाळलेली तासाभरात लागेल, त्यावर विश्वास ठेवू नका. एक रात्र तरी जाऊ दे, मगच बसवा. नख लागेल अशी ओढाताण, क्लीनर आणि नव्या जीन्स हे सगळं किमान आठवडाभर लांब ठेवा. जीन्सची निळी ताज्या थराला लगेच डाग देते. मास्किंग टेप शेवटचा हात ओलसर असतानाच, मागे दुमडून सावकाश काढा. पूर्ण वाळल्यावर ओढली तर कडेला पापुद्रा धरतो.

पुढे साबणाचं सौम्य पाणी आणि मऊ फडकं पुरे. चकाकीसाठी सिलिकॉनवाली ड्रेसिंग लावू नका, कधी रंगाचा हात पुन्हा फिरवायची वेळ आली तर तेच आडवं येतं. उरलेला रंग घट्ट झाकून, डब्यावर तारीख आणि मॅट द्रव्याचं प्रमाण लिहून ठेवा. बाहेरच्या कडेवर झीज दिसली की तेवढीच जागा साफ करून एक हलका हात देता येतो.

सुईदोरा

पाठ बसवण्याआधी फोमच्या कडा चाचपून घ्या. कडेचा फोम बसला असेल तर रेक्झिन तिथे सैल पडून घडी घालतं आणि रंग सर्वांत आधी त्या घडीवर तडकतो. आतून पातळ फोमची पट्टी लावून कव्हर पुन्हा ताठ करा. हे रंगाच्या आधी करायचं, म्हणजे घडीच्या जागी रंग सपाट बसेल. डॅशबोर्डची नवी कातडी घ्यायला जाल तेव्हा जुन्या पॅडचा ऊन न लागलेला तुकडा सोबत न्या. रंग नंतर देता येतो, दाणा मात्र तिथेच जुळवून घ्यावा लागतो.